लहान घोड्याचा संसार

शहरात राहणाऱ्या पुष्कळ कुटुंबांच्या मनात एक स्वप्न घर करून असते. घाटमाथ्यावर कोठे तरी दोन-अडीच एकर जमीन घ्यावी, तीवर कौलारू घर बांधावे, चार फळझाडे लावावीत आणि अंगणात एखाददुसरा लहानसा घोडा असावा. सुट्टीत मुले येतील, त्यावर बसतील, त्याला गूळ भरवतील, आणि मोटारींच्या गर्दीत वाढणाऱ्या पिढीला एका मुक्या जिवाची ओळख होईल. कोल्हापुराहून पश्चिमेस सुमारे ५५ किलोमीटरांवर असलेल्या गगनबावड्यास जाऊन आलेल्या मनुष्यास तर हे स्वप्न हटकून पडते. डोक्यावर गगनगडाचा कडा, पायथ्याशी भाताची खाचरे, आणि पुढे एकाएकी तुटून कोकणात उतरलेली दरी. अशा चित्रात लहान घोडा सहज शोभून दिसेल, यात संशय नाही.

परंतु चित्रात शोभणे निराळे आणि जमिनीवर जगणे निराळे. लहान घोडा म्हणजे नेमका कोण, महाराष्ट्रात त्याला पिढ्यान्‌पिढ्या कोणी सांभाळले, आणि गगनबावड्यासारख्या ठिकाणी तो नांदावयाचा असेल तर त्याच्या धन्यास काय काय करावे लागेल, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

मराठी भाषेने लहान घोड्याशी फारसे कृतज्ञतेने वर्तन केलेले नाही. मोठ्या घोड्यास तिने अश्व, वारू, तुरंग अशी मानाची नावे दिली. लहानास मात्र तट्टू हे एकच नाव दिले आणि तेही पुढे शिवीसारखे वापरले. हट्टी माणूस तो अडेलतट्टू. पैसा देईल त्याची बाजू घेणारा तो भाड्याचे तट्टू. वस्तुतः डोंगरातल्या अरुंद वाटेवर तट्टू अडून उभे राहते तेव्हा पुष्कळदा पुढचा दगड निसटता असतो, आणि ते अडल्यामुळेच पाठीवरचे ओझे व मागचा माणूस वाचतो. भाड्याचे म्हणावे, तर ते भाडे कधीच त्याच्या तोबऱ्यात पुरते पडलेले नाही. ज्या जनावराने अर्ध्या महाराष्ट्राचे ओझे वाहिले त्याच्या नावाची अशी गत व्हावी, ही खेदाची गोष्ट होय.

गगनबावडा हे गाव ओझ्याच्या वाटेवर वसलेले आहे. येथून एक घाट करूळकडे आणि दुसरा भुईबावड्याकडे उतरतो. खाली वाघोटन नदीच्या काठी खारेपाटण आहे. विजयदुर्गाच्या खाडीतून आत येणाऱ्या गलबतांचे ते एके काळचे मोठे बंदर. शिलाहारांचा शके ९३०, म्हणजे इसवी सन १००८ चा ताम्रपट तेथेच सापडला. बंदर खाली आणि बाजारपेठ वर, अशी रचना असली म्हणजे मधल्या घाटाला विसावा कसा मिळावा? गाडीरस्ते होण्यापूर्वी सह्याद्रीच्या अशा सर्वच घाटवाटांनी मीठ, नारळ व सुकी मासळी वर चढत असे आणि गूळ, मिरची व धान्य खाली उतरत असे. हा सारा माल बैलांच्या, तट्टांच्या आणि माणसांच्या पाठीवरून जात होता.

या कामास उंच घोडा निरुपयोगी ठरतो. लांब पायांचा घोडा मैदानात वेग घेतो, परंतु पायऱ्यापायऱ्यांच्या उतारावर त्याचे अंग पुढे झुकते आणि पाय चुकतो. लहान घोड्याचा भार जमिनीजवळ असतो, पाऊल आखूड पडते, खूर घट्ट व अरुंद असतात. ओझे लादावयास त्याची पाठ माणसाच्या छातीच्या उंचीवर येते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्याला चंदी थोडी लागते. मोठ्या घोड्याला रोज शेरांनी हरभरा द्यावा लागतो. तट्टू वाटेकडेच्या वाळल्या गवतावर दिवस काढते. गरीब माणसाला परवडणारा घोडा एवढाच.

निसर्गाने घोडा लहान केला तो अशाच ठिकाणी. थंडी, वारा, डोंगर आणि अपुरा चारा यांत शेकडो पिढ्या काढल्या की मोठ्या अंगाचे प्राणी टिकत नाहीत आणि लहान, काटक तेवढे उरतात. स्कॉटलंडच्या उत्तरेस असलेल्या शेटलंड बेटांवरचे घोडे याच रीतीने लहान झाले. त्यांची कमाल उंची ४२ इंच. १८४२ साली इंग्लंडच्या पार्लमेंटाने कायदा करून बायका, मुली व दहा वर्षांखालील मुलगे यांना खाणीत उतरविण्यास बंदी केली, तेव्हा कोळशाच्या गाड्या ओढण्याचे काम या घोड्यांवर आले. मुलांची सुटका झाली हे उत्तमच झाले. परंतु त्यांच्या जागी जे गेले त्यांपैकी कित्येकांची सारी हयात जमिनीखालच्या अंधारात सरली. आपल्या देशातही लडाखातला झंस्कारी, हिमाचलातला स्पिती, पूर्व हिमालयातला भुतिया आणि जगातल्या पोलोच्या खेळाशी ज्याचे नाव जोडलेले आहे तो मणिपुरी, हे सर्व डोंगराने घडविलेले लहान घोडेच होत.

याहून निराळा एक प्रकार आहे. तो डोंगराने नव्हे तर माणसाच्या हौसेने घडविला. अर्जेंटिनातील फालाबेला घराण्याने लहानांतून लहान निवडीत पिढ्यामागून पिढ्या जोपासल्या, आणि कमरेइतकाही उंच नसलेला घोडा निर्माण केला. अमेरिकेत अशा घोड्यांची नोंद ठेवणारी संस्था १९७८ साली निघाली. तिच्या नियमाप्रमाणे मानेवरील आयाळीच्या शेवटच्या केसापाशी मोजले असता घोडा ३४ इंचांहून उंच असता कामा नये. आज ज्यास खुजा किंवा अतिलघू घोडा म्हणतात तो हा. १९९९ पासून अमेरिकेत अशा काही घोड्यांना शिकवून अंध माणसांना वाट दाखविण्याच्या कामीही लावण्यात आले. शिकविले तर ते शिकतात, कारण अंगाने लहान असले तरी बुद्धीने ते पुरते घोडे आहेत. ही गोष्ट पुढच्या विवेचनात सतत ध्यानात ठेवावी लागेल.

महाराष्ट्राचा स्वतःचा लहान घोडा म्हणजे भीमथडीचे तट्टू. भीमा, नीरा आणि माण या नद्यांच्या खोऱ्यांत त्याची पैदास होत आली. उंची साधारण पन्नास इंचांच्या आसपास, म्हणजे खुज्या घोड्याहून पुष्कळ अधिक, पण अरबी घोड्याहून बरीच कमी. दक्षिणेतील बंदरांत, चौल, दाभोळ व गोवे येथे, शतकानुशतके अरबस्तान व इराणकडून घोडे उतरत. त्यांचे रक्त देशी घोड्यांत मिसळले आणि दख्खनी घोडा तयार झाला, असे जाणकार मानतात. मराठ्यांच्या फौजेत सरकारी पागेचा घोडा घेऊन लढणारा तो बारगीर आणि स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार. शिलेदाराचा घोडा मेला म्हणजे त्याची रोजीच गेली. म्हणून जो थोडक्यात जगेल, मैलोगणती चालेल आणि आजारी कमी पडेल असाच घोडा त्याला हवा असे. १७५८ साली मराठी फौजा अटकेपर्यंत जाऊन पोहोचल्या, त्या वेगाचे पुष्कळसे श्रेय या थोडक्यात जगणाऱ्या जनावरांकडे जाते.

१८१८ साली पेशवाई संपली. फौजा मोडल्या, पागा रिकाम्या झाल्या. पुढे सडका झाल्या, आगगाडी आली, मोटार आली, आणि प्रत्येक पावलागणिक तट्टाचे एकेक काम सुटत गेले. ज्या जनावराचे काम सुटते त्याची पैदास कोणी करीत नाही. भीमथडीचे घोडे आज काही हजारच उरले आहेत. २०२३ साली राजा बढे यांच्या ज्या गीतास महाराष्ट्राच्या राज्यगीताचा मान मिळाला, त्यात भीमथडीच्या तट्टांचा उल्लेख आहे. योगायोग असा की कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने या घोड्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली, तीही त्याच सुमारास, २०२३-२४ मध्ये. सरकारी मान्यता मिळाली तोपर्यंत ही जात नामशेष झाली नव्हती, ती कोणामुळे?

याचे उत्तर एका शब्दात देता येईल: धनगरांमुळे. होळकरांच्या दौलतीचा मूळ पुरुष मल्हारराव याच समाजातला आणि याच नीरेकाठच्या होळ गावचा. परंतु दौलती आल्या व गेल्या, मेंढरामागचा धनगर मात्र आपल्या तट्टासह चालतच राहिला. फलटण, बारामती, माणदेश इकडचे मेंढपाळ पाऊस सरला व दिवाळी झाली की कळप घेऊन चाऱ्याच्या शोधात निघतात. कित्येक सह्याद्री ओलांडून कोकणात उतरतात. शेतकरी त्यांची मेंढरे आपल्या शेतात बसवून घेतात, कारण एका रात्रीत जमिनीला खत मिळते. त्याबद्दल धान्य किंवा पैसा देतात. पावसाची चाहूल लागली की कळप पुन्हा कोरड्या मुलखाकडे वळतो. असे सहा-सात महिने घर म्हणजे काय, तर घोड्याच्या पाठीवर जे मावेल ते.

हा संसार लादणे ही धनगर बायकांची विद्या आहे. खाली घोंगड्या, त्यावर दोन्ही बाजूंस सारख्या वजनाची बाचकी, मग पाल, भांडी, पिठाची पिशवी, कोंबड्यांचा खुराडा, आणि सर्वांच्या वर आदल्या रात्री जन्मलेली, अजून चालता न येणारी कोकरे. कधी एखादे लहान मूलही. एका बाजूस शेरभर वजन अधिक झाले तर पाच-सात मैलांत पाठीस घट्टा पडतो, आणि पाठ लागलेला घोडा म्हणजे सारा संसार वाटेवर उघडा. म्हणून मुक्कामाला पोहोचल्यावर पहिले काम चूल पेटविण्याचे नसते. प्रथम घोड्याचे ओझे उतरते, मग त्याची पाठ चाचपली जाते, मग चारी पाय उचलून खुरांत रुतलेले खडे काढले जातात, आणि नंतर पायबंद घालून त्याला चरावयास सोडले जाते. माणसांची भाकरी त्यानंतर. यात भूतदया आहेच, परंतु हिशेबही आहे. घोडा ही या घराची भिंत, छप्पर आणि गाडी आहे.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो आणि त्याच्या उत्तरात गगनबावड्याचे सारे मर्म आहे. धनगर समाज घाटमाथ्यावरही आहे. गगनबावड्याच्या रानांत डांगे धनगरांचे वाडे आहेत. मात्र त्यांचे धन मेंढरे व घोडे नव्हे, तर म्हशी आणि गाई. एकाच नावाच्या समाजात हा भेद का पडावा? कारण पाऊस. माणदेशात वर्षाकाठी सुमारे २० इंच पाऊस पडतो. गगनबावड्यास तो सुमारे २०० इंचांपर्यंत, म्हणजे पाच हजार मिलिमीटरांच्या घरात जातो. जो मेंढपाळ पावसाळा येताच पाठ फिरवून पूर्वेकडे जातो, तो हौसेने जात नाही. मेंढराची लोकर आणि घोड्याचा खूर या दोन गोष्टींना चार महिन्यांचा चिखल सोसत नाही. घोड्याने गगनबावड्याचा घाट युगानुयुगे चढला-उतरला, परंतु तो बहुतेक कोरड्या ऋतूत. येथे बारमाही घर करणे ही त्याच्या दृष्टीने नवीच गोष्ट आहे.

तेव्हा स्वप्नातल्या त्या अडीच एकरांवर दोन लहान घोडे खरोखरीच आले, असे क्षणभर धरून चालू आणि त्यांचे एक वर्ष पाहू.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस सुरू होतो आणि मग ढग खाली उतरून अंगणातच मुक्काम करतात. कपडे वाळत नाहीत, भिंतींना शेवाळ येते. घोड्याच्या खुराच्या तळाशी मध्यभागी एक मऊ, त्रिकोणी भाग असतो. सतत ओल्या जमिनीत उभे राहिल्याने तो कुजतो, काळा पडतो, त्याला दुर्गंधी येते, आणि घोडा पाय टेकेनासा होतो. यावर औषधापेक्षा उपाय मोठा: कोरडी उभी राहण्याची जागा. जांभ्या दगडाचा दीड-दोन फूट उंच चौथरा, त्याला बाहेरच्या बाजूस उतार, वर खोल पाखाचे छप्पर, खाली रोज बदललेले कोरडे गवत, आणि सकाळ-संध्याकाळ चारी खूर साफ करण्याचा नेम. हा नेम एक दिवस चुकला तर चालेल असे वाटते. तो आठ दिवस चुकतो तेव्हा घोडा लंगडू लागतो.

याच दिवसांत गोमाश्या वाढतात. त्या केवळ चावून थांबत नाहीत. ‘सरा’ नावाचा रोग एका जनावराच्या रक्तातून दुसऱ्याच्या रक्तात नेतात. या रोगात ताप येतो व जातो, भूक असूनही अंग झडते, पोटाखाली व पायांवर सूज येते, आणि उपचार न झाल्यास घोडा बहुधा दगावतो. हा रोग कशाने होतो याचा शोध भारतातच लागला. १८८० साली पंजाबातील डेरा इस्माइलखान येथे ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्याने घोड्यांच्या व उंटांच्या रक्तात त्याचे सूक्ष्म जंतू प्रथम पाहिले. आज त्यावर औषधे आहेत, पण ताप ओळखून वेळेवर रक्त तपासणारा जवळ हवा.

सप्टेंबर उजाडतो, ऊन पडते, आणि डोंगर हिरवागार होतो. शहरातून आलेल्या धन्यास वाटते, आता घोड्यांची चैन झाली. वास्तविक लहान घोड्याच्या आयुष्यातील सर्वांत मोठा धोका येथेच आहे. जे शरीर शेकडो पिढ्या अर्धपोटी जगण्यासाठी घडले, त्याला कोवळे, रसाळ गवत पचत नाही, असे नव्हे; ते फार पचते. अंगावर चरबी चढते, रक्तातील साखरेचा तोल बिघडतो, आणि खुराच्या आत, कठीण कवच व हाड यांना जोडणाऱ्या नाजूक थरास दाह होतो. घोडा पुढचे पाय लांब टाकून, भार मागे घेऊन उभा राहतो. पाऊल टाकणे त्याला निखाऱ्यावर चालण्यासारखे होते. दुखणे वाढले तर आतले हाड खाली फिरते आणि घोडा कायमचा निकामी होतो. पाहुण्यांनी प्रेमाने भरविलेला गूळ, कोल्हापूरकडे मुबलक मिळणारे उसाचे वाढे, उरलेला भात, यांनी हाच परिणाम होतो. उलट, चरबी चढलेल्या घोड्यास घाबरून एकदम उपाशी ठेवले तर तीच चरबी रक्तात उतरते आणि तो थोड्याच दिवसांत मरू शकतो. लहान घोडा लाडाने मरतो आणि लाड एकदम तोडल्यानेही मरतो.

मग त्याने खावे काय? ऑक्टोबर-नोव्हेंबरात डोंगरउतारावरचे गवत पिकते, पिवळे व राठ होते. म्हशीचा धनी त्यास हलका चारा म्हणतो. लहान घोड्यास तोच योग्य. ते कापून, उन्हात कडकडीत वाळवून, गंजी रचून ठेवावे. शंभर किलो वजनाच्या घोड्यास रोज दीड ते दोन किलो वाळले गवत पुरते, थोडे मीठ लागते, आणि स्वच्छ पाणी हवे तेवढे. चंदी लागते ती गाभण घोडीस, पिणाऱ्या शिंगरास आणि काम करणाऱ्यास. परंतु पावसाळ्यात तीच गंजी ओलसर झाली तर बुरशी धरते, आणि बुरशीने घोड्यास खोकला व पोटशूळ होतो. घोड्याला ओकारी होत नाही. पोटात गेले ते पुढेच जावयाचे. म्हणून गगनबावड्यास घोड्याच्या गोठ्यापेक्षा गवताचे कोठार अधिक काळजीने बांधावे लागेल.

हिवाळा हा त्यातल्या त्यात सुखाचा. हवा कोरडी, माश्या कमी, जमीन घट्ट. काम घ्यावयाचे तर याच दिवसांत. पण काम किती? घोड्याने आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक ओझे पाठीवर घेऊ नये, असा सर्वसाधारण नियम आहे. शंभर किलोच्या घोड्यावर वीस किलो. म्हणजे पाच-सहा वर्षांचे मूल बसेल. आठ-दहा वर्षांचे बसेल तर घोड्याची पाठ मोडेल. त्याला हलक्या गाडीस जुंपावे, त्याच्याकडून सरपण, गवताच्या पेंढ्या, खताच्या पाट्या वाहून घ्याव्यात. अशा कामाने त्याचे पोट व पाय ठीक राहतात. त्याची लीद कुजवून नाचणीच्या व भाजीच्या वाफ्यांना घातली म्हणजे तीही शेताची कमाईच. रात्री मात्र त्याला उघड्यावर ठेवता येत नाही. या रानात बिबट्या आहे, आणि लहान घोडा त्याच्या दृष्टीने वासराएवढाच. उन्हाळ्यात प्रश्न पाण्याचा येतो. दोनशे इंच पाऊस झेलणाऱ्या डोंगरावरही मे महिन्यात झरे क्षीण होतात.

याखेरीज वर्षभराच्या गोष्टी आहेतच. खूर सतत वाढतो. सहा ते आठ आठवड्यांनी तो तासावा लागतो. दात जितके मोठ्या घोड्याला तितकेच लहानालाही, आणि जबडा मात्र इवलासा. म्हणून ते वेडेवाकडे येतात व घासावे लागतात. घोडी सुमारे अकरा महिन्यांनी विते, बहुधा रात्री. खुज्या घोड्यांत शिंगराचे डोके वाटेच्या मानाने मोठे असल्याने अडलेली प्रसूती अधिक, आणि तेव्हा मिनिटांचा हिशेब असतो. नुसत्या लहानपणाचीच निवड करीत गेल्यामुळे काही वंशांत हाडांची विकृती असलेली शिंगरे जन्मतात. त्यामागचे आनुवंशिक दोष आता तपासून कळतात. म्हणून बाजारात जे सर्वांत इवले दिसते ते सर्वांत उत्तम, असे समजणाऱ्याने अगोदर त्याच्या आईबापांकडे पाहावे.

आणि सर्वांत मोठी गोष्ट आयुष्याची. नीट सांभाळलेला लहान घोडा पंचवीस-तीस वर्षे जगतो. पाच वर्षांच्या मुलीसाठी आणलेला घोडा ती तिशीची होऊन आपल्या संसारात असेल तेव्हाही अंगणात उभा असेल. त्या वेळी त्याचे पाय कोण उचलणार? शिवाय घोडा हा कळपाचा प्राणी आहे. एकटा ठेवलेला घोडा खातो, पितो, पण आतून झुरतो. लाकूड कुरतडू लागतो, एकाच जागी डुलत राहतो. एक घोडा म्हणजे अर्धा घोडा. ठेवावयाचे तर दोन ठेवावेत.

काम सुटलेल्या घोड्याचे काय होते, याचा विचार महाराष्ट्राला आणखी एका डोंगरावर करावा लागत आहे. माथेरानला मोटारींस मज्जाव असल्याने तेथे घोडा हे आजही वाहन आहे आणि कित्येक कुटुंबांची चूल त्यावर पेटते. पावसाळ्यात प्रवासी तुटले की त्याच घोड्यांचे पोट हा धन्यापुढील पेच होतो. डिसेंबर २०२२ पासून तेथे विजेवर चालणाऱ्या रिक्षांचा प्रयोग सुरू झाला. माणसाने माणसास ओढण्याची हातरिक्षा जावी, हे कोणीही म्हणेल. परंतु प्रत्येक नव्या चाकामागे एक जुना पाय थांबतो, आणि तो पाय ज्याचा आहे त्याने पुढे कोठे जावे, हे चाक आणणाऱ्याने ठरविलेले नसते. भीमथडीच्या तट्टावर हा प्रसंग १८१८ साली आला. ते वाचले, कारण त्याला अजून कामाला लावणारे एक घर शिल्लक होते.

या साऱ्यातून निष्पन्न होते ते असे. लहान घोडा हे मोठ्या घोड्याचे खेळणे नव्हे. मोठ्या घोड्याला लागणारे सारे त्याला लागते. कमी लागते ते फक्त गवत. आणि तो टिकला तो राजांच्या पागेत नव्हे, तर ज्यांना त्याच्यावाचून एक मुक्काम पुढे जाता येत नव्हते अशा माणसांच्या पालापाशी. तेथे त्याला काम होते, सोबत होती, आणि रोज संध्याकाळी त्याचा पाय उचलून पाहणारा हात होता. या तिहींपैकी एकही गोष्ट पैशाने एकदम विकत मिळत नाही.

म्हणून गगनबावड्यास जमीन घेणाऱ्या गृहस्थाने निराश होण्याचे कारण नाही. त्याने फक्त क्रम बदलावा. बहुतेक लोक प्रथम घोडा आणतात, मग गोठा बांधतात, आणि घोडा लंगडू लागल्यावर इलाज शोधावयास निघतात. ही वरातीमागून घोडे नव्हे, तर घोड्यामागून वरात झाली. जुन्या काळी गावोगाव नालबंद असे आणि घोड्यांचा वैद्य सालोत्री असे. आज ते दोघेही दुर्मीळ झाले आहेत. तेव्हा प्रथम खूर तासणारा माणूस कोठे मिळेल ते पाहावे, आणि घोड्याचे दुखणे जाणणारा पशुवैद्य रात्री किती वेळात येऊ शकेल ते विचारावे. मग एक पावसाळा स्वतः तेथे राहून कोणता कोपरा कोरडा राहतो ते पाहावे आणि तेथे चौथरा घालावा. मग गवत वाळवून कोठार भरावे. मग घरातल्या मुलांपैकी पहाटे उठून खूर साफ करण्यास कोण तयार आहे, हे महिनाभर शेजारच्या म्हशीचा गोठा झाडावयास लावून पारखावे. एवढे झाल्यावर घोडे आणावेत, आणि आणताना परदेशी खुज्याच्या आधी आपल्या भीमाकाठच्या तट्टाचा विचार करावा. दोन्हीही येथे पाहुणेच, पण एकाच्या पायांना निदान हा घाट ठाऊक आहे.

आणि त्या घरी आलेल्या पाहुण्याने घोड्यास गूळ देऊ नये. त्याचा पाय उचलून पाहावा.